साठीनंतर पुन्हा क्ले नेमबाजी : दुखरे सांधे आणि कपाटातली दुनळी

इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या जुन्या मराठी घरांत बारा बोअरची दुनळी बंदूक ही नवलाची वस्तू नव्हती. सरदार-जहागीरदारांकडे ती होतीच, पण दरबारी नोकरीतल्या, वकिली करणाऱ्या, शेतीवाडी सांभाळणाऱ्या घरांतही एखादी सापडायची. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि या बंदुका कपाटात गेल्या. त्यानंतर त्या बाहेर पडतात त्या मुख्यतः दोन वेळा : दसऱ्याला पूजेसाठी आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी.

काही जणांनी मात्र बंदूक ठेवून न देता तबकड्यांवर नेम धरायला सुरुवात केली. कुणी महूच्या लष्करी वातावरणात शिकले, कुणी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आले, कुणी कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफलपासून सुरुवात करून शॉटगनपर्यंत पोचले. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे यांत वीस-पंचवीस वर्षे गेली. आता वेळ आहे, थोडा पैसाही आहे, पण गुडघा कुरकुरतो, खांदा वर जात नाही आणि सकाळी बोटे आखडलेली असतात. अशा मंडळींचा प्रश्न एकच असतो : आता जमेल का?

बहुतेकांना जमते. पण या खेळात शरीराच्या कुठल्या भागावर काय भार येतो हे आधी समजून घ्यावे लागते. बंदूक पूर्वीचीच असली तरी खांदा पूर्वीचा राहिलेला नसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्ले म्हणजे नावापुरतीच माती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पेटीतून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही अशी स्पर्धा झाली. त्याला पर्याय म्हणून काचेचे गोळे आले आणि 1880 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले. आजची तबकडी डांबरासारख्या पिचची आणि चुनखडीच्या भुकटीची असते. व्यास 110 मिलिमीटर, वजन साधारण 105 ग्रॅम. नाव मात्र क्लेच राहिले आणि उडणाऱ्या तबकडीला रेंजवर अजूनही ‘बर्ड’ म्हणतात.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार खेळले जातात, ट्रॅप आणि स्कीट. सांध्यांच्या दृष्टीने दोन्हींत बराच फरक आहे आणि परतणाऱ्याने पहिला निर्णय इथेच घ्यायचा असतो. ट्रॅपमध्ये आपल्यासमोर पंधरा मीटरवर खंदक असतो. त्यातल्या यंत्रातून तबकडी आपल्यापासून दूर जाते. डावीकडे किंवा उजवीकडे जास्तीत जास्त 45 अंशांत. बंदूक आधीच खांद्याला लावून, गाल टेकवून, मग ‘पुल’ म्हणायचे. एका तबकडीसाठी दोन गोळ्या मिळतात. स्कीटमध्ये अर्धवर्तुळाकार मैदानातल्या आठ जागांवरून आडव्या जाणाऱ्या तबकड्या टिपायच्या असतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. म्हणजे दर वेळी साडेतीन किलोचे वजन क्षणार्धात कमरेपासून गालापर्यंत आणायचे आणि लगेच कमरेतून वळायचे. ज्याचा खांदा आखडलेला आहे त्याने स्कीट काही महिने बाजूला ठेवावे. ट्रॅपमध्ये हात सावकाश वर नेता येतो, कुणी घाई करत नाही. उलट ज्याचा खांदा चांगला आहे पण धक्का सोसत नाही त्याला स्कीट सोयीचे पडू शकते, कारण प्रत्येक तबकडीला एकच गोळी असते आणि अंतर कमी असल्याने हलके काडतूस पुरते.

वयाचे म्हणाल तर हा खेळ फार उदार आहे. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये 72 व्या वर्षी नेमबाजीत सांघिक रौप्यपदक मिळवले. त्यांच्याहून मोठ्या वयाचा ऑलिंपिक पदकविजेता खेळाडू अजून झालेला नाही. ते रायफलवाले होते. पण शॉटगनमधले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. कुवेतचे अब्दुल्ला अल-रशिदी यांनी टोकियोत 2021 मध्ये स्कीटचे कांस्यपदक जिंकले तेव्हा त्यांचे वय 57 होते. आपल्याकडे बिकानेरचे महाराजा करणी सिंह 1960 पासून 1980 पर्यंत पाच ऑलिंपिक खेळले आणि शेवटच्या, मॉस्कोच्या वेळी 56 वर्षांचे होते. 1962 च्या कैरो जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक त्यांचेच. अर्थात ही मंडळी मधे वीस वर्षे थांबली नव्हती. आपली तुलना त्यांच्या गुणांशी करू नये. वय झाले म्हणून नेम जातो असे नाही, एवढेच त्यांच्यावरून घ्यावे.

धक्क्याचा हिशेब

सांधे दुखणाऱ्याचा खरा वैरी म्हणजे धक्का. तो किती बसतो हे नशिबावर नसते, त्याला साधा हिशेब आहे. छरे, त्यामागचा प्लॅस्टिकचा वॅड आणि बारुदाचा वायू जितक्या जोराने पुढे जातात तितक्याच जोराने बंदूक मागे येते. बंदूक जड असेल तर मागे येण्याचा वेग कमी, हलकी असेल तर जास्त.

आजच्या स्पर्धांत 24 ग्रॅम छऱ्यांचे काडतूस वापरतात. ते सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने सुटले आणि बंदूक साडेतीन किलोची असली, तर खांद्यावर साधारण 21-22 ज्यूल ऊर्जा येते. एक किलोचे वजन दोन मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पडावे तितकी. छरे 28 ग्रॅम केले की ती 27-28 ज्यूलवर जाते. छऱ्यांचे वजन एक षष्ठांशाने वाढले, पण धक्का पावपटीहून जास्त वाढला. तेच 28 ग्रॅमचे काडतूस तीन किलोच्या जुन्या हलक्या दुनळीत घातले तर आकडा 32 च्या आसपास जातो. म्हणजे त्याच माणसाच्या त्याच खांद्यावर, फक्त बंदूक आणि काडतूस बदलल्याने, दीडपट मार. पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीत ट्रॅपवाला दुसऱ्या गोळ्या धरून सहज पस्तीस वेळा चाप ओढतो. दीडपट गुणिले पस्तीस हा हिशेब रात्री खांदा स्वतःच सांगतो.

यातून निघणारा सल्ला गमतीशीर आहे. हात दुखतात म्हणून माणूस हलकी बंदूक शोधतो आणि इथेच फसतो. हलकी बंदूक उचलायला बरी आणि सोडायला वाईट. ट्रॅपमध्ये बंदूक हातात काही सेकंदच असते, उरलेला वेळ ती उघडून हातावर किंवा स्टँडवर ठेवता येते. म्हणून जड बंदूक आणि हलके काडतूस ही जोडी दुखऱ्या खांद्याला सर्वांत मानवते. 21 ग्रॅमचे काडतूस मिळाले तर सुरुवातीला तेच घ्यावे. तबकडी त्यानेही फुटते. जवळच्या तबकड्या चुकतात त्या छरे कमी पडले म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा डोके वर उचलले जाते किंवा बंदूक मध्येच थांबते.

धक्क्याचा आणखी एक परिणाम खांद्यापेक्षा मनावर होतो. दुखेल या धास्तीने चाप ओढण्याच्या आधीच शरीर आक्रसते, डोळे मिटतात, कधी बोट चापावर गोठते. रेंजवर याला ‘फ्लिंच’ म्हणतात, आपण दचक म्हणू. एकदा लागली की ती सरावाने जात नाही, उलट पक्की होते. दोन-तीन महिने हलकी काडतुसे आणि कमी गोळ्या हाच त्यावर इलाज. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्या तरुण मित्राचे या बाबतीत ऐकू नये.

आजोबांची बंदूक चालवण्यापूर्वी

आपल्या लोकांना हा भाग विशेष लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातली दुनळी बाहेर काढून, तेल लावून तिच्यानेच परत सुरुवात करावी असे अनेकांना वाटते. भावना समजण्यासारखी आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळशा इंग्रजी दुनळ्यांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, अडीच इंच किंवा 65 मिलिमीटर लांबीचे आहे. आजचे नेहमीचे काडतूस 70 मिलिमीटरचे असते. आणि हे 70 मिलिमीटर म्हणजे काडतूस उडून त्याचे तोंड उलगडल्यानंतरची लांबी. न उडवलेले काडतूस त्याहून आखूड असते, त्यामुळे ते जुन्या चेंबरमध्ये व्यवस्थित बसते, बंदूक नीट बंद होते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. गोळी सुटताना मात्र तोंड उलगडायला जागा नसते, ते नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालेल, हा तर्क इथे घातक आहे.

दुसरी गोष्ट नळीची. काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी किंवा पीळदार नक्षी दिसते. तिला दमास्कस म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून ती नळी केलेली असते. दिसायला फार देखणी. पण ती बहुधा काळ्या बारुदासाठी बनलेली असते आणि आतून गंजली असेल तर बाहेरून कळत नाही. आजच्या धूररहित बारुदाचे काडतूस अशा नळीत घालू नये. ती भिंतीवर शोभते, तिथेच शोभू द्यावी.

चेंबर किती लांबीचे आहे ते बंदूक उघडून नळ्यांच्या खालच्या बाजूला कोरलेल्या चाचणीच्या खुणांत लिहिलेले असू शकते, पण मागाहून कुणी चेंबर वाढवले असेल तर ती खूण खरी राहत नाही. परवानाधारक गनस्मिथकडून चेंबर आणि नळीची जाडी मोजून घेणे हाच मार्ग. बिजागरी ढिली झाली आहे का, दोन्ही चाप जागच्या जागी आहेत का, सेफ्टी अडकते का हेही तोच पाहील. काडतुसे आपल्याच पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ असोत की परदेशी, डब्यावरची लांबी आणि छऱ्यांचे वजन वाचल्याशिवाय विकत घेऊ नयेत.

बंदूक चालण्याजोगी निघाली तरी ती आजोबांच्या मापाची असते. दस्त्याची लांबी, गालाखालच्या भागाची उंची, बाजूला दिलेला कल हे सगळे अंगरख्यासारखे मापाने घ्यायचे असते. मान आणि खांदा आखडल्यावर दस्ता थोडा आखूड लागतो. एखादा सेंटिमीटर कमी केल्याने बंदूक वर आणताना काखेत अडकत नाही. धक्का शोषणारे रबरी पॅड बसवायचे असेल तर तितक्याच जाडीचे लाकूड कापावे लागते, नाही तर दस्ता लांबतो आणि खांद्यावर भलत्याच जागी बसतो. मान खाली झुकवताना दुखत असेल तर मान झुकवू नये, गालाखालचा भाग उंच करून घ्यावा. नव्या ट्रॅप बंदुकांत तो स्क्रूने वर-खाली होतो. जुन्या बंदुकीवर चामड्याची गादी बांधता येते.

एकेका सांध्याविषयी

खांद्याची गोष्ट वर आलीच. त्यात भर एवढीच की मधुमेह असणाऱ्यांत फ्रोझन शोल्डर बरेच आढळते आणि आपल्या पिढीत मधुमेह घरोघर आहे. हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न दुखता जात नसेल तर आधी फिजिओथेरपिस्ट, मग रेंज. घरी सरावासाठी सुरुवातीला बंदूक नकोच. छत्री दोन्ही हातांत आडवी धरून सावकाश डोक्याकडे नेणे, भिंतीवर बोटांनी चढत जाणे, टेबलाला एक हात टेकून दुसरा हात लोंबता ठेवून झोके देणे हे पुरे. बंदूक लावायची जागा म्हणजे गळपट्टीच्या हाडाखालची, छाती आणि खांदा यांमधली मऊ खोलगट जागा. हाडावर किंवा दंडावर लावली की तिथे निळे उमटतेच. आणि दुखते म्हणून बंदूक सैल धरली तर ती आधी सुटते आणि मग आदळते. घट्ट, पण आवळून नव्हे.

अंगठ्याकडे सहसा कुणाचे लक्ष नसते, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. मनगटाजवळच्या त्याच्या मुळाशी झीज झाली असेल तर बंदूक उघडण्याची वरची कळ अंगठ्याने ढकलताना चमक निघते. एका फेरीत पंचवीस वेळा. बंदूक नवीन असेल तर कळ जास्तच घट्ट असते. यावर उपाय म्हणजे कळ अंगठ्याच्या टोकाने न ढकलता तळहाताच्या कडेने ढकलणे आणि बंदूक हातांच्या जोरावर न उघडता दस्ता मांडीशी टेकवून उघडणे. नळीचे तोंड या सगळ्यात समोर, जमिनीकडेच राहिले पाहिजे, कुणाच्या पायांकडे नाही. अंगठ्याला मऊ पट्टी बांधली तर चाप आणि सेफ्टी नीट कळतात ना हे रिकाम्या बंदुकीवर आधी तपासावे.

गुडघे आणि कंबर यांना धक्क्यापेक्षा उभे राहणे भारी पडते. सिमेंटच्या ओट्यावर पाऊण तास, मध्ये थोडे थोडे चालणे आणि दर वेळी शरीर वळवणे. तरुणपणी शिकलेली पाय फाकवलेली, पुढचा गुडघा वाकवलेली उभी राहण्याची पद्धत सोडून द्यावी. पाय खांद्याइतके किंवा त्याहून थोडे जवळ, गुडघे नुसते सैल, वजन किंचित पुढच्या पायावर. वळायचे ते घोट्यापासून आणि खुब्यापासून, कंबर पिळून नव्हे. गुडघा वळत नसेल तर पायच आधी त्या बाजूला रोखून उभे राहावे जिथे तबकडी फोडायची आहे. मग सुरुवातीला शरीर थोडे वळलेले असते आणि गोळीच्या क्षणी सरळ होते. हा छोटा बदल आहे, पण गुडघेदुखीवाल्याचे गुण त्याने वाढलेले दिसतात. मऊ तळाचे, सपाट टाचेचे बूट हवेत. फोम असलेले फार उंच बूट घोटा डळमळवतात.

वजन उचलण्याचेही पाहा. पंचवीस काडतुसांचा डबा सुमारे एक किलोचा. अडीचशेची पेटी दहा किलोंची. पेटी गाडीतून काढून रेंजपर्यंत नेण्यातच ज्यांची कंबर धरली असे लोक थोडे नाहीत. दोन-दोन डबे न्यावेत. रिकामी टरफले वाकून वेचू नयेत. त्यांच्या बुडाच्या टोप्या बहुतेक वेळा पितळी मुलामा दिलेल्या लोखंडी असतात, काठीला लावलेल्या लोहचुंबकाने त्या उभ्याने उचलता येतात. आणि इंदूरहून भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीची रेंज गाठायची म्हणजे गाडीत तीन-साडेतीन तास. उतरल्या उतरल्या बंदूक काढू नये. पंधरा मिनिटे चालावे, खांदे फिरवावेत, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठबस करावी. हैदराबादकरांना गच्चीबावलीची रेंज गावातच आहे, त्यांचे बरे आहे.

गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर जखम भरून चाल सुधारल्यावर बहुतेक शल्यचिकित्सक या खेळाला हरकत घेत नाहीत. खांद्याचे ऑपरेशन झालेले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे धक्का थेट त्या जागेवर येतो, म्हणून डॉक्टरांना ‘नेमबाजी’ एवढेच न सांगता ‘शॉटगन, एका दिवसात इतक्या गोळ्या’ असे सांगावे. पेसमेकर असणाऱ्यांनीही तसेच. तो बहुधा डाव्या बाजूला बसवतात, त्यामुळे डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याला हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडता येणार नाही.

दुखणे कोणते, हेही एकदा ठरवून घ्यावे. सकाळी सांधे आखडतात पण अर्ध्या तासात सुटतात, ही बहुधा झिजेची संधिवाताची लक्षणे. तासाहून जास्त आखडलेले राहतात, बोटांचे सांधे सुजून गरम लागतात, तर तो आमवात असू शकतो. त्याला वेगळे औषध लागते आणि सूज असताना रेंज बंद. सरावाचे प्रमाण ठरवायला साधी कसोटी आहे : आजच्या सरावाचे दुखणे उद्या त्याच वेळेपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे. नाही आले तर पुढच्या वेळी गोळ्या निम्म्या. पहिला महिना आठवड्यातून एकदा, पंचवीस तबकड्या, बस्स.

औषधांबाबत दोन शब्द. वेदनाशामक गोळी घेऊन रेंजवर जाऊ नये. दुखणे हे मोजमाप आहे, तेच बंद केले तर किती झाले ते कळणार कसे? नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रीगॅबॅलिनसारख्या गोळ्यांनी आणि ट्रॅमाडॉलने झापड येते, तोल जातो. त्या चालू असताना बंदूक हातात घेऊच नये. रक्त पातळ करणारी औषधे असतील तर खांद्यावर मोठे निळे डाग उठतात, डॉक्टरांना विचारून मगच ठरवावे.

डोळ्यांच्या बाबतीत शॉटगनवाला नशीबवान आहे. पिस्तूल-रायफलवाल्याला जवळची माशी स्पष्ट दिसावी लागते आणि चाळिशीनंतर तेच अवघड होते. इथे नजर फक्त तबकडीवर ठेवायची, नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघायचेच नाही. पण चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी असेल तर घोटाळा होतो. गाल टेकवल्यावर डोके पुढे झुकते, नजर काचेच्या वरच्या कडेतून, नाकाच्या बाजूने जाते आणि तिथे नंबर नीट नसतो. केवळ लांबच्या नंबरचा, मोठ्या काचेचा, पॉलिकार्बोनेटचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोतीबिंदू एका डोळ्यात जास्त असेल तर मेंदू दुसऱ्या डोळ्याचे ऐकू लागतो आणि वर्षानुवर्षे बरोबर लागणारा नेम एका बाजूला जाऊ लागतो. कारण न कळता गुण घसरले तर बंदूक बदलण्याआधी डोळे तपासावेत. कानांना संरक्षण तर हवेच. बारा बोअरचा आवाज 150 डेसिबलच्या आसपास असतो, आणि या वयात आहे ते ऐकू येणेच जपायचे आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून ठेवावे, त्यावर कानकप चढवू नयेत.

परवाना, घर आणि पुढची पिढी

परतण्याआधी परवाना हातात घेऊन तारीख पाहावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदत पाच वर्षे आहे आणि सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यात शरीराबरोबर मनाच्या स्वास्थ्याचाही उल्लेख असतो. त्याचा राग मानू नये. विस्मरण सुरू झाले असेल, हात थरथरत असेल, नळीचे तोंड कुठे आहे याचे भान अधूनमधून सुटत असेल, तर सांधे कितीही चांगले असोत, थांबायची वेळ झाली. हे घरच्यांना सहसा आधी दिसते आणि ते बोलायला कचरतात. जोडीदार गेल्यानंतरचा किंवा मोठ्या आजारानंतरचा उदास काळ असेल तर बंदूक काही महिने डीलरकडे ठेवणे शहाणपणाचे. एरवीही बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या, ही शिस्त नातवंडे घरात आली की मोडायची नाही.

वारसाचे काम मात्र वेळेवर करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारस पात्र हवा आणि त्याची चौकशी नेहमीसारखी होते. हे न करता माणूस गेला तर घरच्यांच्या ताब्यातली बंदूक विनापरवाना ठरते आणि दुःखाच्या दिवसांत पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असतील आणि कुणालाच बंदूक नको असेल, तर परवानाधारकाने स्वतःच ती दुसऱ्या परवानाधारकाला किंवा परवानाधारक डीलरला रीतसर विकावी आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी. बंदूक दमास्कस नळीची असली तरी परवान्याचा नियम तोच.